सव्वाअकरा फुटातली नॅनो : १५ वर्षं संपतायत, पासिंग करू की भंगारात काढू?

वाडीतला बाळ्या | १८ मे २०२५, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, मोबाइलवरून टायपतोय तेव्हा शुद्धलेखन पोटात घाला.

बाबांची टाटा नॅनो आहे, एलएक्स मॉडेल, जून २०१० ची, एमएच ०१. म्हणजे पुढच्या महिन्यात १५ वर्षं पूर्ण. चाललीय जेमतेम ६१ हजार. बायको म्हणते विका आणि ओला-उबर करा, आई म्हणते हात लावायचा नाही गाडीला, आणि बाबा काहीच म्हणत नाहीत, रोज सकाळी पेपर वाचून झाला की खाली जाऊन फडका मारून येतात. वय ७४, स्वतः चालवत नाहीत आता, मीच चालवतो. वापर म्हणजे बाबांचा दवाखाना, आईचं दादरचं मार्केट, रविवारी बहिणीकडे मुलुंडला, बस.

आता खरी गोम. गिरगावात वाडीत राहतो. आमच्या वाट्याला आलेली पार्किंगची जागा जिना आणि पाण्याच्या टाकीच्या मधली, गाडी टाकीच्या भिंतीला समांतर लावायची. परवा टेप लावून मोजली, सव्वाअकरा फूट भरली. नॅनो ३०९९ मिमी म्हणजे दहा फूट दोन इंच. पुढे-मागे मिळून फूटभर जागा उरते आणि त्यात आमची १५ वर्षं गेली. नवीन अल्टो के१० बघितली, ३५३० मिमी. चार इंच जास्त. चार इंच!! टाकी मागे सरकवू शकत नाही, जिना तर नाहीच नाही.

तर पासिंगला (आरटीओत गाडी तपासून रजिस्ट्रेशन वाढवून घ्यायला) काय खर्च येतो, एवढ्या जुन्या गाडीवर पैसे घालावेत का, पार्ट मिळतात का, कुणाला अनुभव असेल तर सांगा.

दादरचा कावळा | १९ मे

आईंचं मत कळलं, वहिनींचं कळलं. बाबांना विचारा ना, गाडी ठेवायची की तुम्हाला.

आरटीओग्रस्त | १९ मे

१५ वर्षं झाली की गाडी भंगारात घालावीच लागते हा गैरसमज आधी काढून टाका, तो नियम दिल्लीचा आहे (पेट्रोल १५, डिझेल १०). आपल्याकडे गाडी धड असेल तर रजिस्ट्रेशन पाच वर्षांनी वाढवून मिळतं. मुदत संपायच्या ६० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे तुम्ही आत्ताच लागा कामाला कारण उशीर झाला की महिन्याला ५०० रुपये दंड चढत जातो. नूतनीकरणाची फी ५०००, वर पर्यावरण कर वेगळा. पीयूसी आणि इन्शुरन्स चालू लागतो, हजार सीसीच्या आतल्या गाडीचा नुसता थर्ड पार्टी २०९४ अधिक जीएसटी. आणि नवीन नंबरप्लेट, ती हाय सिक्युरिटीवाली एचएसआरपी, ७४५ अधिक जीएसटी. तिला मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली म्हणून लोक निवांत राहिले, पण तिच्यापायी काम अडकू शकतं, आधीच लावून टाका.

एक महत्त्वाचं. गाडी कर्जावर घेतली होती का? असेल तर आरसी बुकावर बँकेचा बोजा अजून आहे का बघा. माझं दहा वर्षांपूर्वी फिटलेलं कर्ज आरसीवर तसंच लोंबकळत होतं, आणि बँकेचं पत्र शोधता शोधता आयुष्याची तीन वर्षं कमी झाली.

वाडीतला बाळ्या | १९ मे

@आरटीओग्रस्त, बघितलं. आहे. बोजा आहे. २०१३ ला फिटलंय कर्ज. च्यायला.

रोखठोक | २० मे

कटू वाटेल पण बोलतो. भावना वगैरे ठीक आहे पण ही गाडी २०१४ च्या ग्लोबल एनकॅपच्या सुरक्षा चाचणीत ६४ च्या वेगाने धडकवली तेव्हा शून्य स्टार आले होते. एअरबॅग नाही, एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारं) नाही, चारही चाकांना ड्रम ब्रेक. ७४ वर्षांच्या माणसाला बसवून फिरवताय. २०१० मध्ये कंपनीने एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून द्यायची मोहीम काढली होती, ती तरी करून घेतली होती का? भंगार केंद्रात द्या, सर्टिफिकेट घ्या, नव्या गाडीच्या करात सवलत मिळते. जागा भाड्याने बघा.

दादरचा कावळा | २० मे

गिरगावात पार्किंगची जागा भाड्याने? @रोखठोक तुम्ही मुंबईत राहता ना नक्की?

पानापक्कड | २० मे, दुपारी ३.१५

बाळ्या, परळला आमचं गॅरेज, आता मुलगा बघतो, मी नुसता खुर्ची टाकून बसतो आणि गिऱ्हाइकांशी वाद घालतो. नॅनो पहिल्या वर्षापासून उघडतोय म्हणून लिहितो, लांबेल.

लोकांना वाटतं पैसे वाचवायला इंजिन मागे टाकलं. मुळात गाडी दहा फुटात बसवायची आणि आत चार माणसं पाय नीट ठेवून बसली पाहिजेत हा हट्ट होता. इंजिन पुढे टाकलं की दोन-अडीच फूट बोनेटमध्येच गेले. म्हणून ते मागच्या सीटखाली-पाठी सरकवलं, गिअरबॉक्स तिथेच, रेडिएटर तिथेच, मागच्या दारानंतर बाजूला ज्या चोची दिसतात त्यातून हवा आत जाते. पुढच्या बोनेटखाली काय, तर स्टेपनी आणि पेट्रोलचं झाकण. आता याच्यातून बाकीचं कसं आपोआप येतं बघ. पुढच्या चाकांना इंजिनची ताकद जात नाही, म्हणजे एक्सल नाही, म्हणजे चाक जास्त तिरकं वळू शकतं. म्हणून चार मीटरच्या त्रिज्येत गाडी वळते. अल्टोला साडेचार लागतात. तुमच्या वाडीच्या तोंडाशी एका दमात आत घेतोस ना, ते त्या नसलेल्या एक्सलमुळे. पुढे वजन नाही म्हणून पॉवर स्टिअरिंग न देता हात दुखत नाहीत (नंतर २०१४ ला नॅनो ट्विस्ट मॉडेलमध्ये दिलं ते वेगळं).

पण मागे जड, पुढे हलकी अशी गाडी वळणावर शेपूट बाहेर फेकायला बघते. मग त्यांनी पुढे १३५ मिमी रुंदीचे टायर दिले आणि मागे १५५ चे. पुढचे बारीक असल्यामुळे पकड आधी पुढची सुटते, गाडी सरळ जायला बघते, ड्रायव्हर घाबरून पाय काढतो, विषय संपला. शेपूट फिरली असती तर साध्या माणसाला सावरता आली नसती. आता पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून देणारे महाभाग मी स्वतः बघितलेत, "टायर रोटेशन केलं काका" म्हणतात. अरे बाबा तिथे रोटेशन करायचंच नाही! तुझ्या गाडीचे चारही टायर खाली बसून वाच आज, बाजूला लिहिलेलं असतं.

इंजिन ६२४ सीसी, दोन सिलिंडर, बोअर (सिलिंडरची रुंदी) साडेत्र्याहत्तर मिमी आणि स्ट्रोकही (पिस्टनची धाव) साडेत्र्याहत्तर, पाटासारखं चौरस. दोनच सिलिंडर म्हणजे थरथर आलीच, ती मारायला आत एक बॅलन्सर शाफ्ट उलटा फिरतो. तरी सिग्नलला डुगडुग करते ती करतेच. ताकद ३५ हॉर्सपॉवर, पण गाडीचं वजन सहाशे किलोच्या आसपास, म्हणून शहरात कळत नाही. प्लग दोन, चाकाला नट तीन, वायपर एक. नट तीन बघून लोक हसायचे. सहाशे किलोला तीन पुरतात, हिशेब करूनच दिलेत.

काम करायला मात्र वैताग. पहिल्या मॉडेलची डिकी उघडत नाही, काच फिक्स. इंजिनाला हात घालायचा तर मागची सीट पाडायची, खालचं झाकण स्क्रू काढून उचलायचं, आणि मेकॅनिकने गाडीत गुडघे टेकून बसायचं, पाय दाराबाहेर. देवाला नमस्कार घातल्यासारखा दिसतो माणूस. एकदा आमच्या चिरंजीवांनी झाकणाचा एक स्क्रू सैल ठेवला, गिऱ्हाइकाच्या सासूबाई मागे बसलेल्या, परळ ते ठाणे इंजिनाची ऊब खात गेल्या. जावयाने फोन करून जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही, चूक सपशेल आमची.

तुझ्या गाडीत आता इंजिनाची काळजी नको, ६१ हजार म्हणजे काही नाही. गंज बघ. समुद्र तुझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. ड्रायव्हरची सीट उचल, खाली बॅटरी आहे, तिच्या आजूबाजूचा पत्रा बोटाने दाबून बघ. पुढचे कार्पेट उचलून बघ. गिअरच्या आणि क्लचच्या केबल पुढून मागेपर्यंत लांब जातात, त्या १५ वर्षांत जड होणारच, बदल. ब्रेकची रबरं, पेट्रोलचे पाइप बदल, आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलला जुनी रबरं दाद देत नाहीत. एवढं करून पत्रा शाबूत निघाला तर पाच वर्षं बिनघोर. पत्रा गेला असेल तर मी सांगतो, सोडून दे.

सुलभा_डोंबिवली | २० मे

पाना काका, शंभर मार्क! गाडी शिकले ती याच गाडीवर, नवऱ्याने शिकवायचं नाकारलं तेव्हा (दोघांच्या भल्यासाठीच). नवशिक्याला या गाडीइतकी सोपी गाडी नाही, चारी कोपरे डोळ्यासमोर, काचा मोठ्या, उंच बसायला. मीटर मात्र मधोमध, मला सवय व्हायला महिना गेला, सासूबाई शेजारी बसून वेग वाचून दाखवायच्या, "पन्नास झाला गं".

पेट्रोल पंपावरची मजा कोणी लिहिली नाही. पोरगा नोझल घेऊन मागे जातो, डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, मग मी बोनेट उघडते. दर वेळी. टाकी १५ लिटरची म्हणजे ही मजा दर आठवड्याला.

पावसात एकच वायपर पुरतो का असं सगळे विचारतात. पुरतो, रबर चांगलं असेल तर. वैताग वेगळाच आहे, काचेवर आतून धुकं धरतं, एसी लावलाच पाहिजे, आणि एसी लावला की चढावर बिचारी धापा टाकते. चौघं बसलेले असले की वाळकेश्वरच्या चढाला एसी बंद, काच दोन बोटं खाली, दुसरा गिअर, आणि मागच्या हॉर्नकडे दुर्लक्ष. गिअर चारच, तेव्हा फार विचार करावा लागत नाही.

आणि ड्रम ब्रेकबद्दल एक. २०१९ च्या पावसात हिंदमाताला (आता तिथे जमिनीखाली मोठ्या टाक्या बांधल्यात, तेव्हा नव्हत्या) चाकाच्या अर्ध्यापर्यंत पाण्यातून काढली. बाहेर आले, पुढे बस थांबली, ब्रेक दाबला तर गाडी जशी काही ऐकूच येत नसल्यासारखी पुढे! हँडब्रेक ओढला म्हणून वाचले. ड्रममध्ये पाणी राहिलं की असंच होतं म्हणे. तेव्हापासून पाण्यातून निघाले की शंभर-दोनशे मीटर हळू चालवत डाव्या पायाने ब्रेक हलका धरून ठेवते, गरम होऊन सुकतात. आणि पाण्यात गाडी बंद पडली तर परत स्टार्टर मारायचा नाही, ढकलायची. इंजिनात पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

पानापक्कड | २० मे

सुलभाताई, बरोबर केलंत. फक्त डावा पाय क्लचला लागतो तेव्हा ती कसरत नवशिक्याने करू नये, उजव्यानेच थोडं थोडं दाबून सोडावं.

ईव्हीवाला | २१ मे

@वाडीतला बाळ्या, उत्तर समोर आहे आणि कोणी बोलत नाहीये. एमजीची इलेक्ट्रिक कॉमेट! लांबी २९७४ मिमी, तुमच्या सव्वाअकरा फुटात बसून दीड फूट उरेल. वळणाची त्रिज्या ४.२ मीटर. १७.३ किलोवॉट-अवरची बॅटरी, तुमचा वापर बघता आठवड्यातून एकदा चार्ज केली तरी चालेल. एअरबॅग आहेत, एबीएस आहे, ऑटोमॅटिक आहे, रोखठोक साहेबही खूश.

वाडीतला बाळ्या | २१ मे

@ईव्हीवाला, बघून आलो आहे, खरंच आवडली. पण आमचं मीटर तिसऱ्या मजल्यावरच्या पॅसेजमध्ये, गाडी खाली टाकीजवळ. वायर सोडायची तर चार बिऱ्हाडांच्या खिडक्यांवरून आणि पाण्याच्या टाकीला खेटून. खाली वेगळं मीटर घ्यायचं तर मालकाची एनओसी, आणि मालक-भाडेकरू केस माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे. शिवाय दारं दोनच. आईचा गुडघा सीट पुढे ओढून मागे चढण्याच्या लायकीचा राहिलेला नाही. नॅनोत ती नुसती वळून बसते, वाकावं लागत नाही, छत उंच आहे म्हणून.

पानापक्कड | २१ मे

गंमत बघा. कॉमेटची मोटर कुठे आहे? मागे. चाकं केवढी? बारा इंचीच. पंधरा वर्षांनी फिरून तिथेच आले. शहरातली छोटी गाडी करायची म्हटली की कागदावर हेच उतरतं.

दादरचा कावळा | २१ मे

मग ती चालली का नाही काका? १० जानेवारी २००८ ला दिल्लीत दाखवली तेव्हा आमच्या ऑफिसात अर्ध्या लोकांनी काम सोडून टीव्ही बघितला होता.

आरटीओग्रस्त | २१ मे

कारखाना बंगालच्या सिंगूरमधून उठून गुजरातच्या साणंदला जाण्यात वेळ गेला, पोलाद महागलं, एक लाखाची गाडी एक लाखाची राहिली नाही. पण खरा घोळ शब्दाचा. "सगळ्यात स्वस्त" म्हणून गाजवली, आणि आपल्याकडे स्वस्त गाडी दारात उभी करायला कुणाला आवडतं? स्कूटरवरून चौघं जातात त्यांच्यासाठी काढली, त्यांनी हप्ता थोडा वाढवून सेकंडहँड मारुती घेतली. स्वस्त म्हणण्यात चूक झाली हे रतन टाटांनीही नंतर बोलून दाखवलं होतं. वर्षाला अडीच लाखांचा कारखाना, आणि जून २०१८ मध्ये महिन्याभरात एक गाडी बनली. एक.

रोखठोक | २१ मे

आणि ज्यांनी घेतली त्यांना लोक रिक्षा म्हणायचे.

दादरचा कावळा | २१ मे

रिक्षाला सी लिंकवर बंदी आहे, नॅनोला नाही. टोल मात्र मोठ्या गाडीएवढाच भरायचा, तिथे कोणी रिक्षा म्हणत नाही.

सुलभा_डोंबिवली | २२ मे

सी लिंकवर पावसाळ्यात वारा आडवा आला की अशी हलते ना, दोन्ही हात स्टिअरिंगवर आणि तोंडात रामरक्षा. उंच, अरुंद आणि हलकी, दुसरं काय होणार. मी साठच्या वर नेतच नाही.

अवांतर: आमचा गणपती दर वर्षी हिच्यातूनच येतो. मागची सीट पाडली की पाट सरळ बसतो, मखराची लाकडं उभी राहतात. एका वर्षी मूर्ती अडीच फुटी आणली तर आमच्या मोठ्या गाडीच्या डिकीत मुकुट लागायला लागला, शेवटी नॅनोच काढली. मिस्टर अजून तो विषय टाळतात.

रोखठोक | २२ मे

ठीक आहे, माझा मुद्दा एवढाच की हायवेला नेऊ नका. शहरात चाळीसच्या वर जातंच कोण, तिथे ठेवली तर ठेवा. पण बाबांना पुढच्या सीटवर पट्ट्याशिवाय बसवू नका, आणि मागे बसणाऱ्यांनीही लावा.

वाडीतला बाळ्या | २२ मे

@रोखठोक, हे पटलं. मुलुंडलाही आता ट्रेननेच जाऊ, आई-बाबांना पहिल्या वर्गाचं तिकीट काढतो. आणि हो, २०१० ची ती मोहीम, बाबांच्या फाइलमध्ये जॉबकार्ड सापडलं, केलेलं आहे काम. बाबांच्या फाइलमध्ये सगळं असतं, पहिल्या पेट्रोलचं बिलसुद्धा आहे.

वाडीतला बाळ्या | ६ जुलै २०२५, रात्री १२.१०

मंडळी, धागा वर काढतोय, हिशेब द्यायचा राहिला होता.

पाना काकांनी सांगितल्याप्रमाणे ड्रायव्हरची सीट उचलली. बॅटरीखालचा पत्रा एका कोपऱ्यात पापडासारखा झालेला, बोट लावलं तर आरपार, हाताच्या पंजाएवढा तुकडा गेलेला. हृदयात धस्स झालं. पण टॉर्च मारून बाकीचं बघितलं तर लांबीचे बार, मागचे पाय, सगळं ठणठणीत, गंज नुसता वरवरचा. काकांच्या मुलाकडे नेली, त्याने तेवढा पत्रा कापून नवा जोडला, वर अँटीरस्ट. दोन्ही केबल, ब्रेकची रबरं, पेट्रोलचे पाइप बदलले. पार्ट दोन दिवसांत आले. टायर तपासले, पुढे १३५ मागे १५५ बरोबर होते, पण मागच्या डाव्यावर तारीख २०१६ ची निघाली, चारही नवे टाकले. क्लच आता इतका हलका झालाय की पहिल्या दिवशी वाडीच्या तोंडाशी दोनदा बंद पाडली.

बोजा काढायला तीन फेऱ्या. बँकेची ती शाखाच दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती. शेवटी बाबांच्या फाइलमधलं २०१३ चं नो ड्यूजचं पत्र दाखवलं तेव्हा मॅनेजर बाई म्हणाल्या हे कोणी जपून ठेवतं का, मी म्हटलं आमचे वडील.

पासिंगला बाबा सोबत आले, ऐकलंच नाही. इस्त्रीचा शर्ट घालून. इन्स्पेक्टर साहेबांनी दिवे, इंडिकेटर, वायपर, हॉर्न सगळं बघितलं. चेसिस नंबर गंजाने पुसट झालेला, तारेच्या ब्रशने घासून त्यावर कागद धरून पेन्सिल फिरवली, एकेक आकडा वर यायला लागला तसे बाबा न बघता पुढचा आकडा सांगत होते. पूर्ण नंबर पाठ. साहेबांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि सही केली. २०३० पर्यंत.

सगळं मिळून गॅरेज, टायर, फी, कर, नंबरप्लेट धरून ३४ हजारांच्या आसपास गेले. बायकोला २० सांगितलेत, तिने हा धागा वाचू नये अशी प्रार्थना.

दादरचा कावळा | ६ जुलै

उद्या जेवायला मिळालं नाही तर दादरला या.

पानापक्कड | ६ जुलै

बाळ्या, दर पावसाळ्यानंतर तो पत्रा बघत जा. आणि बाबांना नमस्कार सांग.

ईव्हीवाला | ७ जुलै

२०३० ला परत विचारतो.

वाडीतला बाळ्या | ७ जुलै

सांगायचं राहिलं. पासिंग करून दुपारी वाडीत आलो तर आमच्या सव्वाअकरा फुटात दुसऱ्या मजल्यावरच्यांची ॲक्टिव्हा आडवी लावलेली. म्हणाले, आम्हाला वाटलं गाडी भंगारात गेली. अर्धा तास गल्लीच्या तोंडाशी डुगडुगत उभा होतो, बाबा खाली उतरून स्कूटरवाल्याच्या दाराची बेल वाजवत होते.